पट्टी आमची, पेटीही आमची

भजनी मंडळ म्हटलं की टाळ बायकांच्या हातात आणि पेटी पुरुषाच्या पुढ्यात, हे चित्र तुमच्याही गावात असेल. आम्ही सातजणी पन्नाशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. त्यातल्या चौघींनी दोन वर्षांपूर्वी पेटी शिकायला घेतली, त्याबद्दल आज बोलणार आहोत.

पेटीवाल्यांची अडचण फक्त वेळेची नव्हती. एकादशीला त्यांना चार ठिकाणची बोलावणी, हे आम्ही समजून घेत होतो. खरी अडचण होती पट्टीची. त्यांचा हात बसलेला काळी एकवर. पुरुषी आवाजाला ती सोयीची. आम्ही त्याच पट्टीत वरच्या सप्तकात गायचो, तेव्हा मुखडा नीट जायचा, पण अंतऱ्यात वरचा गंधार आला की आवाज फाटायचा. कितीतरी वर्षं आम्हाला वाटायचं, आपला गळाच बरा नाही. साधारण बायकांचा आवाज काळी चार, काळी पाच, नाहीतर पांढरी पाचमध्ये मोकळा होतो, हे आम्हाला शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी प्रत्येकीला आरामात ‘सा’ लावायला सांगितला आणि तो पेटीवर शोधून दाखवला. पाचजणी काळी चारच्या निघाल्या.

शिकायची सुरुवात मात्र पांढरी एकपासून. तिथे सा रे ग म प ध नी सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर सरळ ओळीत येतात. वाचायला सोपं वाटतं ना? बोटं ऐकत नाहीत. कणीक मळून, धुणं पिळून मजबूत झालेला हात आपला, पण अनामिका आणि करंगळी स्वतंत्रपणे कधी कामाला लागलेल्याच नसतात. अनामिका उचलायची तर करंगळीही बरोबर उठते. सारेग, रेगम, गमप हे अलंकार आम्ही ओट्यावर, जात्याच्या कडेवर, एसटीत पर्सवर वाजवायचो. पेटी एक आणि शिकणाऱ्या चौघी. दुसरं करणार काय?

त्याहून अवघड डावा हात. नवीन माणूस भाता स्टोव्हला पंप मारल्यासारखा मारतो आणि सूर हेलकावे खातो. भाता हलका, सलग, श्वास सोडावा तसा चालला पाहिजे. बाई डोळे मिटून एकच सूर मिनिटभर धरायला लावायच्या. कंटाळवाणं काम, पण आमच्या मते सगळ्या शिक्षणात हेच सर्वांत उपयोगी. पट्ट्यांवर अक्षरांचे कागद चिकटवण्याला त्यांचा सक्त विरोध होता, आणि तो योग्यच. कागद असला की नजर तिथून हलत नाही.

गुडघे दुखतात म्हणून ज्यांना मांडी घालता येत नाही, त्यांनी पेटी टेबलावर ठेवावी. त्यात कमीपणा कसला? मूळची पेटी तर उभीच असायची. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता चालवून वाजवायचं. आपल्या संगीत नाटकातली पायपेटी त्याच घराण्यातली. हाताने भाता मारायची बैठी पेटी पुढे कलकत्त्यात घडली. आणि गंमत ऐका: रेडिओवर पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. तिचे सूर ठरलेले, त्यावर मींड निघत नाही, असा आक्षेप. आक्षेप खोटा नाही. पण भजनाला ठरलेला, आधाराचा सूरच तर हवा असतो!

मोठेपणी शिकण्यात एक मोठी सोय आहे, ती कुणी सांगत नाही. चाली आपल्या कानात आधीच असतात. मुलांना भूप शिकवावा लागतो. आम्ही भूपातली भजनं वर्षानुवर्षं म्हणत होतो, फक्त त्यात मध्यम आणि निषाद नसतात हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे चूक लागली की कान लगेच टोचतो.

वाजवत वाजवत गाणं मात्र आमच्यातल्या दोघींनाच जमतं. गजराची लय वाढली की बाकीच्या दोघी नुसता सूर धरून ठेवतात, तेवढ्यावर टाळ चालतात. घरून ‘आता या वयात?’ झालंच. एकीच्या सासूबाईंनी मात्र रोज दुपारी अर्धा तास नातवाला सांभाळायचं स्वतःहून मागून घेतलं, म्हणून तिचा हात सगळ्यांत पुढे गेला.

सध्या पावसाळी हवेने आमच्या पेटीची पांढरी दोन बसली आहे. काळी चारमध्ये ती तीव्र मध्यम होते. त्यामुळे यमनातलं भजन तेवढं थांबलंय. बाकी सगळी चालू आहेत. एकादशी झाली की पेटी तालुक्याला दुरुस्तीला नेऊ.