सुटे पैसे पाहून घ्या

एसटीत कंडक्टरने सुटे पैसे हातावर ठेवले की आपण काय करतो? मोजतो आणि खिशात टाकतो. मोजणं हा व्यवहार झाला, पण पाहणं राहूनच जातं. सुटे पैसे मोजून तर घ्याच, पण पाहूनही घ्या, एवढंच आज मला सांगायचं आहे.

परवा बाजारच्या दिवशी भाजीवालीने मला दोन रुपयांचं एक नाणं परत दिलं. कडा वाटोळी नव्हती म्हणून कोन मोजले, ते भरले अकरा. एका बाजूला शिवछत्रपती आणि साल १९९९. मी नाणं निरखत उभा राहिलेला पाहून बाई म्हणाली, "का हो, चालत नाही का?" म्हटलं, "चालतं हो, पण मी ते चालवणार नाही. घरी ठेवणार."

अशी नाणी अजून कधीमधी हाती येतात. १९९० सालचा डॉ. आंबेडकरांची मुद्रा असलेला रुपया, १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया, २००२ चे तुकोबांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्यांचे पाच रुपये. आपल्या मातीतली ही माणसं आपल्याच खिशात असतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

आता सालाच्या खाली पाहा. तिथे चौकटच्या पानासारखं चिन्ह असलं तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. तारा असला तर हैदराबादचं, नुसता ठिपका असला तर नोएडाचं, आणि काहीच नसलं तर कलकत्त्याचं. म्हणजे नाण्याचा जन्म कुठला नि कधीचा, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

मग तुम्ही म्हणाल, "सर, याचे पैसे किती येतील?" इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील एकदा माझ्याकडे आले. अल्पभूधारक शेतकरी. त्यांनी धोतराच्या सोग्यातून एक नाणं काढून माझ्यापुढे ठेवलं. २०१२ साली निघालेलं, वैष्णोदेवीची मूर्ती असलेलं दहा रुपयांचं. फोनवर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, फक्त आधी नोंदणीची फी भरा. त्यांनी ती भरली. मग कर म्हणून आणखी मागितले. दोन शेळ्या विकून तेही भरले. त्यानंतर तो फोन लागेनासा झाला. मला त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे सर, हे नाणं खोटं आहे का?" मी म्हटलं, "नाही काका. नाणं खरं आहे. माणूस खोटा होता."

श्रोतेहो, नीट लक्षात ठेवा. नुसतं जुनं म्हणून कुठलंच नाणं मोलाचं होत नाही. ते किती थोडं उरलं आहे आणि किती चांगल्या स्थितीत आहे, यावर त्याची किंमत ठरते. देवाची मूर्ती आहे म्हणून किंमत वाढत नाही. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ साली जाहीर सूचना दिली, की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलीही फी घेत नाही. विकत घेणारा आधी तुमच्याचकडे पैसे मागू लागला, की तिथेच फोन ठेवून द्या.

आणि शेतात नांगराच्या फाळाला नाण्यांचं गाडगं लागलं, तर ते घरी नेऊन वाटून घेऊ नका. १८७८ सालच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

दुसरी एक चूक मी स्वतः केलेली आहे. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात तांब्याची शिवराई होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. काळी पडलेली. दिवाळीत मी हौसेने चिंच आणि राख लावून ती लख्ख घासली. नाणं चमकलं, पण आधीच झिजलेली अक्षरं आणखी पुसली गेली. आजी रागावली नाही. तिने नाणं हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाली, "आता राजा लागत नाही रे हाताला." तिची नजर अधू झाली होती. ती ते अक्षर रोज बोटाने वाचत होती, हे मला तेव्हा कळलं. म्हणून सांगतो, जुनं नाणं घासू नका. कडेला धरा, कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा, कुठे मिळालं, कधी मिळालं.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. एक दिवस मुलांना घरून एकेक नाणं आणायला सांगा. फळ्यावर सालं क्रमाने मांडा. टांकसाळी ओळखायला लावा. लोहचुंबक लावून पाहा. अकरा कोनांचे जुने दोन रुपये त्याला चिकटत नाहीत, कारण ते तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचे आहेत. नंतरचे वाटोळे पोलादी दोन रुपये चटकन चिकटतात. एखाद्या घरच्या डब्यातून 'नया पैसा' निघेल. मग १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा कसा झाला, ते सांगा. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. बाजारात त्यांना कुणी घेणार नाही, पण वर्गात त्यांच्यावर इतिहासाचा, गणिताचा आणि विज्ञानाचा तास घेता येईल.

तेव्हा उद्या बाजारात सुटे पैसे हाती आले, की मोजून घ्या आणि खिशात टाकण्याआधी एकदा उलटून पाहा.