पत आपल्या नावाची

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मारहाण, पोटगी, रेशन यांवर आपण तासन्‌तास बोलतो. कर्जाचा विषय निघाला की मात्र बायका गप्प होतात. कर्ज थकले म्हणजे अब्रू गेली असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. म्हणून कागद डब्याच्या तळाशी जातो आणि वसुलीवाला आला की दार लावले जाते. आज मला एवढेच सांगायचे आहे की, जुने लहान कर्ज ही लाजेची नव्हे, हिशेबाची बाब आहे. आणि हिशेब आपण करू शकतो.

१९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने खाणावळ चालवणाऱ्या बायका अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या. वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीतून सुटण्यासाठी त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेकडून लहान कर्जे मिळवली. तारण ठेवायला त्यांच्यापाशी काहीही नव्हते. आज कर्ज मागायला गेलेल्या बाईला बँक आधी काही विचारत नाही. संगणकावर तिच्या नावाची नोंद पाहते. ती नोंद कोण ठेवते, हे म्हणूनच आपल्याला माहीत हवे.

२००५ च्या कायद्याने पतमाहिती कंपन्यांचे नियमन होते. अशा चार कंपन्या आहेत : सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हायमार्क. बँका, फायनान्स कंपन्या, गटकर्ज देणाऱ्या संस्था आपल्या प्रत्येक हप्त्याची माहिती यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुण मिळतात. आपण 'सिबिल' म्हणतो ते हेच. त्यात आपली कमाई किंवा दागिने मोजले जात नाहीत. घेतलेले कर्ज कसे फेडले, हे मुख्यतः पाहिले जाते.

आमच्याकडे येणाऱ्या एका बाईला पिठाच्या गिरणीसाठी कर्ज हवे होते. ते नाकारले गेले. चौकशी केल्यावर कळले की, पूर्वी हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे शेवटचे दोन हप्ते २०२० च्या लॉकडाउनमध्ये राहिले होते. फोन मुलगा वापरत होता, कर्ज आईच्या नावावर. हे आपण किती घरांत पाहतो! सही बाईची, पैसे घरातल्या कुणाचे तरी, आणि थकबाकी पुन्हा बाईची. दुसऱ्याला जामीन राहिलो तरी ती जबाबदारी आपलीच होते.

मग करायचे काय?

पहिले काम, नोंद मागवणे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. २०१७ पासून हा हक्क आहे. आधार, पॅन आणि मोबाइल नंबर घेऊन गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला बसवा. स्वतःचा अहवाल पाहिला म्हणून गुण कमी होत नाहीत.

दुसरे, प्रत्येक ओळ तपासणे. हे कर्ज मी घेतले होते का? फेडलेले कर्ज अजून चालू दाखवले आहे का? नावसारखेपणामुळे दुसरीचे कर्ज माझ्या खाती आले का? चूक असेल तर लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर एप्रिल २०२४ पासून दर दिवशी १०० रुपये भरपाई मागता येते. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

तिसरे, जे खरोखर देणे आहे ते नीट मिटवणे. इथे तीन शब्द ओळखा. 'क्लोज्ड' म्हणजे कर्ज पूर्ण फिटले. 'सेटल्ड' म्हणजे कमी रकमेवर तडजोड झाली. पुढच्या बँकेला ते खटकते. 'रिटन ऑफ' म्हणजे संस्थेने आपल्या वहीतून रक्कम बुडीत धरली. ती माफी नव्हे. रक्कम लहान असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घेणे बरे. दंड आणि व्याज कमी करा म्हणून अर्ज जरूर द्या, पण ठरले ते कागदावर घ्या. वसुलीवाल्याच्या हाती पैसे देऊ नका; संस्थेच्या खात्यात भरा, पावती घ्या, 'काही येणे नाही' असा दाखला घ्या. काही आठवड्यांनी अहवाल पुन्हा पाहा.

फार जुन्या कर्जाबाबत एक सावधगिरी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. पण त्या मुदतीत कर्ज लेखी कबूल केले किंवा थोडी रक्कम भरली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकील मैत्रिणीला दाखवा. नवरा वारला असेल आणि कर्जावर आपली सही नसेल, तर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतेच ते कर्ज वसूल होऊ शकते. बाईच्या स्वतःच्या कमाईतून नाही.

एजंटांपासूनही सावध राहा. 'सिबिल साफ करून देतो' म्हणून ते पैसे घेतात. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद आपण फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो. जुना हप्ता भरायला नवे फायनान्स घेणे तर विहिरीतून निघून खड्ड्यात पडणे. पत पुन्हा उभी राहते ती हळूहळू : झेपेल एवढेच कर्ज आणि वेळेवर हप्ता.

हे सगळे बाईने एकटीने करावे, असे मला म्हणायचे नाही. गटकर्ज देणाऱ्यांवरही बंधने आहेत. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा कर्जाला तारण घेता येत नाही, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, कर्जाचे कार्ड बाईला समजणाऱ्या भाषेत हवे, आणि सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास हे तर निषिद्धच आहे. तरीही रात्री दारात बसणारे लोक आपण पाहतो. एखादीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांनाच तिच्या दारात उभे केले जाते. आपल्याच बायका आपल्याविरुद्ध वापरल्या जातात, याला नकार देणे हे संघटनेचे काम आहे.

माझी सूचना अशी की, प्रत्येक मंडळाने महिन्यातला एक दिवस 'कर्जाच्या कागदांचा दिवस' ठेवावा. डब्यातले कागद सतरंजीवर यावेत. कुणाचे कर्ज, कुणाची सही, पैसे कुणी वापरले, किती फिटले, हे एका वहीत लिहावे. ज्यांचे देणे आहे त्यांनी फेडण्याचा आराखडा करावा, ज्यांचे नाही त्यांच्या तक्रारी सर्वांनी मिळून लिहाव्यात. आणि घरातल्या कुणासाठी नवी सही करण्याआधी बाईने आपल्या मंडळाला विचारावे. सही करायला 'नाही' म्हणणे अवघड असते हे मला ठाऊक आहे. पाठीशी दहाजणी असल्या की ते जमते.