साथ, कायदा आणि महापालिकेचा आरोग्य अधिकारी

शहरात तापाची साथ पसरली, नळाला गढूळ पाणी आले, एखादे रुग्णालय नोंदणीशिवाय चालू असल्याची तक्रार आली, की लोकांचे बोट ज्या एका पदाकडे वळते ते पद म्हणजे महापालिकेचा वैद्यकीय आरोग्य अधिकारी. यंदा पदवी घेणाऱ्या डॉक्टरांपैकी थोडे जण त्या पदावर किंवा त्याच्या हाताखाली काम करतील. बाकीचे दवाखाने आणि रुग्णालये चालवतील, आणि त्यांच्या दारात कधी ना कधी त्याच विभागाचा माणूस नोटीस किंवा फॉर्म घेऊन येईल. या पदाचे अधिकार कुठून येतात आणि कुठे थांबतात, हे दोघांनाही ठाऊक असायला हवे.

पद कोणाच्या हाती आहे, ते हद्दीवर ठरते. मानपाडा या एकाच नावाची दोन ठिकाणे घ्या. घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा ठाणे महापालिकेच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत येते. डोंबिवली पूर्वेचे मानपाडा कल्याण-शीळ रस्त्याला लागून, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत आहे. आयुक्त वेगळे, आरोग्य विभाग वेगळे, पण कायदा एकच : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949. मुलुंड चेकनाका ओलांडला की मात्र 1888 चा मुंबईचा स्वतंत्र कायदा सुरू होतो.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा हे नागरी स्थानिक संस्थांचे काम म्हणून नोंदले गेले. 1949 च्या अधिनियमाच्या कलम 63 मध्ये महापालिकेने करायलाच हवीत अशा कामांची यादी आहे, आणि घातक रोगांचा फैलाव रोखणे, लसीकरण, दवाखाने व रुग्णालये, जन्ममृत्यूची नोंद ही कामे त्या यादीत आहेत. कलम 66 मधली कामे ऐच्छिक आहेत. हा फरक अर्थसंकल्पाच्या वेळी फार मोलाचा ठरतो, कारण बंधनकारक कामाला पैसा नाही असे सांगून महापालिकेची सुटका होत नाही. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये नेमके हेच ठरवले. उघडी गटारे आणि मैला यांना कंटाळलेल्या रहिवाशांनी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली दाद मागितली होती, नगरपालिकेने तिजोरी रिकामी असल्याचे सांगितले, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ते कारण फेटाळले. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 या क्रमांकाने आले आहे.

अधिनियमातले बहुतेक अधिकार आयुक्तांच्या नावे लिहिलेले आहेत. कलम 69 नुसार आयुक्त ते खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवतात, आणि त्या लेखी आदेशाच्या जोरावर आरोग्य अधिकारी, त्याचे सहायक, प्रभागातले निरीक्षक काम करतात. नवख्या अधिकाऱ्याने रुजू झाल्यावर पहिल्यांदा वाचावा तो हा आदेश. नोटिशीवर सही करणाऱ्याला त्या विषयाचा अधिकार सोपवलेलाच नव्हता, एवढे एकच कारण न्यायालयात नोटीस पाडायला पुरते, मग आतला मजकूर कितीही खरा असो.

साथीच्या बाबतीत अधिनियम ‘घातक रोग’ ही संज्ञा वापरतो. पटकी, प्लेग आणि देवी यांची नावे व्याख्येतच आहेत. माणसाच्या जिवाला धोका असलेला दुसरा कोणताही साथीचा वा संसर्गजन्य रोग आयुक्त जाहीर सूचनेने त्यात घालू शकतात. रोग घातक ठरला की अधिकार झपाट्याने वाढतात. जागेची तपासणी करता येते, संशयास्पद विहिरीचे किंवा टाकीचे पाणी पिण्यास मनाई करता येते, घरात वेगळे ठेवण्याची सोय नसलेल्या रुग्णाला वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे रुग्णालयात हलवता येते, खोली आणि सामान निर्जंतुक करता येते. त्याच वेळी घरात शिरण्याच्या अधिकाराला कायद्याने कुंपण घातले आहे. सर्वसाधारण तपासणी दिवसाउजेडी, राहत्या घरात शिरायचे तर आधी सूचना देऊन, बायकांना बाजूला होण्यास पुरेसा वेळ देऊन, आणि घरच्यांच्या धार्मिक व सामाजिक रीतींचा मान राखून करायची असते.

या कुंपणाचे मोल महाराष्ट्राने 1897 मध्ये ओळखले. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग अधिनियम आला. चारच कलमांचा हा कायदा, पण त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला जवळजवळ अमर्याद मुभा दिली. अट एकच होती : चालू कायद्यातल्या तरतुदी अपुऱ्या असल्याचे सरकारला वाटले पाहिजे. पुण्यात ब्रिटिश अधिकारी रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने सैनिकांकरवी घरे तपासली. देवघरात आणि माजघरात बूट शिरले, बायकांची तपासणी झाली, सामान जाळले गेले. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन वारल्या होत्या. पुण्यातल्या लोकांचा सेवेला विरोध नव्हता, हे सावित्रीबाईंच्या कामावरून दिसते. विरोध झाला तो घरात शिरण्याच्या रीतीला, आणि त्या रीतीमुळे लोक रुग्ण लपवू लागले. साथरोग नियंत्रणात याहून मोठे अपयश नाही, कारण लपवलेला रुग्ण ना उपचारात येतो ना नोंदीत.

हाच 1897 चा कायदा मार्च 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला. राज्याने त्याखाली कोविड-19 चे विनियम काढले आणि जिल्हाधिकाऱ्यांबरोबर महापालिका आयुक्तांनाही सक्षम अधिकारी नेमले. आरोग्य अधिकाऱ्याचे विलगीकरणाचे आदेश त्या नेमणुकीतून येत होते. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांचे दर ठरले : साध्या विलगीकरणाला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500 आणि व्हेंटिलेटर असल्यास 9,000. महापालिकांनी लेखापरीक्षक नेमून बिले तपासली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला. शिक्षा 3 महिने ते 5 वर्षे, आणि गंभीर दुखापत असेल तर 6 महिने ते 7 वर्षे.

कायद्याचा नीट वापर कसा दिसतो, याचे उदाहरण कल्याण-डोंबिवलीतच सापडते. नोव्हेंबर 2021 च्या शेवटी दक्षिण आफ्रिकेहून दुबई आणि दिल्लीमार्गे आलेल्या एका प्रवाशाचा नमुना बाधित निघाला, आणि 4 डिसेंबरला तो महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण ठरला. महापालिकेने त्याला कल्याणच्या कोविड केंद्रात ठेवले. जवळच्या संपर्कातील 12 आणि दूरच्या संपर्कातील 23 जण शोधून तपासले, दिल्ली-मुंबई विमानातले 25 सहप्रवासीही तपासले गेले. कोणीही बाधित निघाले नाही. सैनिक नाहीत, दारे फोडणे नाही. फोन, भेटी, नमुने, नोंदी, आणि प्रत्येक पायरीला आधार असलेला लेखी आदेश. ज्या कायद्याने 1897 मध्ये पुणे पेटवले, त्याच कायद्याखाली हे शांतपणे पार पडले, ते अधिकार वापरणाऱ्यांच्या शिस्तीमुळे.

साथ नसलेल्या दिवसांत आरोग्य अधिकाऱ्याचा बराच वेळ नोंदण्यांत जातो. महाराष्ट्राने केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही, त्यामुळे रुग्णालये आणि प्रसूतिगृहे 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात, आणि महापालिका हद्दीत नोंदणी देणारा पर्यवेक्षी प्राधिकारी महापालिकेचाच असतो. नोंदणी नाकारायची किंवा रद्द करायची तर किमान एक महिन्याची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. अधिकाऱ्याला जागा तपासता येते, ठरवून दिलेली रजिस्टरे पाहता येतात, मात्र रुग्णाचे वैद्यकीय कागद पाहण्याचा अधिकार हा कायदा देत नाही. 2021 च्या दुरुस्त नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले.

गर्भलिंग निदानाच्या कायद्यात चित्र उलटे आहे. या विषयावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला आणि 2003 मध्ये कडक झाला. येथे समुचित प्राधिकारी, म्हणजे या कायद्याची अंमलबजावणी ज्याच्याकडे सोपवली आहे तो अधिकारी, सोनोग्राफी केंद्रात शिरून ‘एफ’ फॉर्म आणि रजिस्टरे मागू शकतो, यंत्र सील करू शकतो, माणसांना बोलावून घेऊ शकतो. कारणे लेखी नोंदवून, लोकहितासाठी, नोटीस न देताही नोंदणी निलंबित करू शकतो. न्यायालय दखल घेते ती त्याच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीची. नागरिकाला तक्रार करायची असल्यास आधी प्राधिकाऱ्याला किमान 15 दिवसांची सूचना द्यावी लागते. एवढा मोठा अधिकार असूनही खटला टिकतो किंवा कोसळतो तो जप्तीच्या वेळी. पंच कोण होते, जप्त वस्तूंची यादी दोन प्रतींत जागेवरच झाली का, प्रत्येक पानावर सह्या आहेत का, सील लावताना यंत्राचा क्रमांक लिहिला का? घाईत अर्धवट राहिलेला पंचनामा नंतर कोणत्याही वकिलाला दुरुस्त करता येत नाही. मुलींच्या जिवाशी जोडलेल्या या कायद्यात असा निष्काळजीपणा अक्षम्य मानला पाहिजे.

काही अधिकार या पदाकडून गेले आहेत, हे लोकांना माहीत नसते. अन्नभेसळीचा 1954 चा कायदा जाऊन 5 ऑगस्ट 2011 पासून अन्नसुरक्षा कायदा लागू झाला, आणि हॉटेलांचे परवाने व अन्नाचे नमुने हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे काम झाले. कारखान्यांचा धूर आणि सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, कामगारांची सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी भीषण स्फोट झाले. जखमींवर उपचार करणे महापालिकेच्या रुग्णालयांना चुकत नाही, पण स्फोटाआधी कारखान्याच्या फाटकातून आत जाऊन रिअ‍ॅक्टर तपासण्याचा अधिकार आरोग्य अधिकाऱ्याला नव्हता. परिणाम ज्याच्या दारात येतात त्याला कारणापर्यंत पोचता येत नाही, ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे.

पाण्याचेही तसेच. डोंबिवलीच्या मानपाड्याजवळची सागाव, सोनारपाडा ही गावे 2015 मध्ये महापालिकेत आलेल्या 27 गावांपैकी आहेत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या हाताखालून ती एका आदेशाने 1949 च्या अधिनियमाखाली आली; जलवाहिन्या आणि गटारे मात्र आदेशाने बदलत नाहीत. अशा वस्तीत कावीळ किंवा गॅस्ट्रोचे रुग्ण दिसले की आरोग्य कर्मचारी नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) या रसायनाचे थेंब टाकतो. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आला नाही तर नमुना प्रयोगशाळेत जातो, घरोघरी क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या जातात, पाणी उकळून पिण्याची सूचना निघते. गटारातून गेलेली फुटकी वाहिनी बदलण्याचे काम पाणीपुरवठा विभागाचे. तेथे आरोग्य अधिकाऱ्याचे हत्यार म्हणजे कारण, जागा आणि रुग्णसंख्या लिहून पाठवलेले तातडीचे पत्र. कलम 63 चे बंधन सबंध महापालिकेवर असल्याने ते पत्र पुढे चौकशीत साक्ष देते.

खासगी डॉक्टरांवरची बंधने थोडी, पण पक्की आहेत. घातक रोगाचा रुग्ण आढळल्यास महापालिकेला कळवणे हे अधिनियमानेच सांगितले आहे. क्षयरोगाची नोंद 2012 पासून सक्तीची झाली. 16 मार्च 2018 च्या अधिसूचनेने रुग्णालये, प्रयोगशाळा आणि औषध दुकाने यांनी ती न केल्यास भारतीय दंड संहितेची कलमे 269 आणि 270 लावण्याची तरतूद केली. भारतीय न्याय संहितेत ती 271 आणि 272 झाली आहेत. एचआयव्हीच्या बाबतीत 2017 च्या कायद्याने गोपनीयता राखली आहे : रुग्णाच्या संमतीशिवाय ओळख उघड करता येते ती कायद्याने सांगितलेल्या मोजक्या प्रसंगीच, आणि शेजारी किंवा गृहनिर्माण संस्थेची विचारणा हा तसा प्रसंग नव्हे.

राहता राहिला मृत्यूच्या कारणाचा दाखला. 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो विनाशुल्क द्यायचा असतो. रुग्णालयात नमुना 4, घरी मृत्यू झाल्यास नमुना 4-अ. 1 ऑक्टोबर 2023 पासून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते. त्यातल्या पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, खाली त्यामागचे, आणि शेवटी मूळ आजार लिहायचा असतो. अनेक दाखल्यांवर फक्त ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच असते, जे प्रत्येक मृत्यूबद्दल खरे आणि म्हणून निरुपयोगी आहे. डेंगीने, लेप्टोने किंवा क्षयाने गेलेला माणूस अशा दाखल्यातून आकडेवारीत येतच नाही. ज्या प्रभागात तो राहत होता तिथे फवारणी, तपासणी किंवा संपर्कशोध सुरू होत नाही, आणि आरोग्य अधिकाऱ्याला घातक रोग जाहीर करण्याची शिफारस करायला आधार उरत नाही.