मृदंगाचे डावे अंग

रात्री शेतातून गावाकडे परतताना एक अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. गाव अजून अर्धा कोस दूर असते. देवळात भजन चाललेले असते. पण अभंगाचे शब्द कळत नाहीत, पेटीही ऐकू येत नाही. कानावर येतो तो मृदंगाचा घुमारा. आधी घुमारा, मग टाळ, आणि वेशीशी आल्यावर शब्द. जो आवाज आपल्याला सर्वांत आधी घरी बोलावतो, त्याच्याकडे देवळात बसल्यावर मात्र कुणाचे लक्ष नसते. आज त्या आवाजाविषयी, म्हणजे भजनातल्या खर्जाविषयी, आणि तो ज्या चामड्या-लाकडातून निघतो त्याच्या निगेविषयी मी चार शब्द बोलणार आहे. मी काही संगीतातला पंडित नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो आणि गुरुवारच्या भजनात डग्ग्यावर हात चालवतो, एवढाच माझा अधिकार.

खोल आवाज दूर का जातो? त्याच्या लाटा लांब असतात. सेकंदाला शंभर कंपने होणाऱ्या आवाजाची एक लाट सुमारे साडेतीन मीटर भरते. घराच्या भिंती आणि काट्यांची कुंपणे तिला सहसा अडवू शकत नाहीत. ती वळसा घालून पुढे येते. बारीक आवाज मात्र वाटेतच अडतो आणि विरतो.

आता मृदंगाकडे पाहू. त्याच्या उजव्या तोंडाला काळी शाई असते; त्यातून स्पष्ट सूर निघतो. डाव्या तोंडाला आपण धुमा म्हणतो. त्यावर शाई नसते. दर वेळी वाजवण्यापूर्वी तिथे गव्हाची ओली कणीक थापतात. कणकेच्या वजनाने चामड्याचे कंप मंदावतात आणि आवाज खाली उतरतो. इथे आपल्या ज्वारीचे पीठ चालत नाही हो! त्यात गव्हासारखा चिकटपणा नाही; चार थापा पडल्या की ते सुटून मांडीवर येते. तबल्याच्या जोडीत हेच खर्जाचे काम डग्गा करतो. त्याची शाई कायमची, पण मधोमध न लावता एका बाजूला लावलेली असते, म्हणजे तळहाताने चामडे दाबून आवाज हवा तसा वळवता येतो.

शाईच्या या करामतीचे कोडे डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडले होते. साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत; मृदंग-तबल्याचे मात्र जुळतात, कारण मधल्या शाईचे वजन त्यांना वळण लावते. हे त्यांनी १९२० साली ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकात एका सहकाऱ्यासह मांडले. नोबेल पारितोषिक त्यांना पुढे १९३० साली मिळाले. आपल्या कारागिरांच्या बोटांना ही गोष्ट शेकडो वर्षे ठाऊक होती.

आणि खर्जाचे काम केवळ घुमण्याचे नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिल्या अर्ध्यात ‘धिं’ वाजतो, त्यात डग्गा बोलतो. दुसऱ्या अर्ध्यात ‘तिं’ येतो. तिथे डग्गा गप्प बसतो. ही खाली. डग्गा गप्प झाला यावरून म्हणणाऱ्याला कळते की आपण निम्म्या वाटेवर आहोत, आणि तो परत बोलला की समेवर यायचे. आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी चार तारांचे बास गिटार वाजवतो. तो एकदा तक्रार करीत होता, “सर, मी वाजवतो ते कुणाला ऐकूच येत नाही.” मी त्याला म्हटले, “एक दिवस वाजवू नकोस, मग बघ.”

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. माझे गाव दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. तिथे एक वृद्ध गृहस्थ मृदंग वाजवीत. सारे गाव त्यांना आबाजी म्हणे. मी दहावीत असताना त्यांच्या हाताखाली बसू लागलो. माझ्याकडे काम कणकेचे. घरून मूठभर कणीक भिजवून आणायची, धुम्यावर थापायची. भजन संपले की ती काढून, तोंड पुसून, कोरडे करून मृदंगाला गवसणी घालायची. कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री मला झोप आवरेना. कणीक तशीच ठेवली, वरून गवसणी घातली आणि घरी गेलो.

एकादशीला संध्याकाळी गवसणी काढली, तर धुम्याला रुपयाएवढे भोक! उंदरांनी कणकेसोबत चामडेही खाल्ले होते. बाहेरगावची मंडळी जागराला आलेली. भजन नुसत्या टाळांवर सुरू झाले. अर्ध्या तासात टाळ पुढे पळू लागले, म्हणणारे मागे राहू लागले. मग एकेक जण घोंगडे झटकून उठला. बारा वाजायच्या आत देऊळ रिकामे. मी उंदरांना शिव्या देत होतो. आबाजी एवढेच म्हणाले, “पोट्ट्या, उंदराले काऊन बोलतं? ताट त तूनंच वाढून ठेवलं व्हतं.”

दुसऱ्या दिवशी मृदंग मांडीवर घेऊन आम्ही एस.टी.ने अकोल्याला गेलो. कारागिराने भोकाच्या कडा पाहिल्या आणि माझ्याकडे पाहून विचारले, “कनीक ठेवली व्हती नं?” नवी पुडी चढवून, वादी ओढून होईपर्यंत दिवस मावळला. निघताना आबाजी त्यांना म्हणाले, “पुढच्या एकादशीले या आमच्या गावाले.” ते हसून म्हणाले, “आमची पुडी जाते नं दर साली.”

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. ज्याच्या हातची पुडी गाभाऱ्यासमोर वाजे, त्याने स्वतः पायरीबाहेर थांबावे, असे दिवस आपल्याकडे होते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली चळवळ करावी लागली; त्या नोव्हेंबरात अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. याच जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज हाती खंजिरी घेऊन गावोगाव सर्वांना एका प्रार्थनेत बसवीत फिरले. तरीही एखाद्याच्या मनात ती पायरी उरतेच.

पुढच्या कार्तिकीला ते कारागीर आले. मध्यरात्री गारठ्याने शाईची बाजू उतरली, तेव्हा आबाजींनी वाजवणे थांबवले आणि हातोडी त्यांच्या हाती दिली. सारे देऊळ गप्प बसून ती ठोकठोक ऐकत होते.

आता निगेच्या चार गोष्टी. कणीक भजन संपताच काढावी. शाईला पाणी किंवा तेल लावू नये. घामाचा हात कोरड्या फडक्याने पुसून वाजवावे. आपल्या वऱ्हाडातल्या कडक उन्हात पुडी ताणते, पावसाळ्यात सैल पडते आणि बुरशी धरते. म्हणून वाद्य उन्हात ठेवू नये, चुलीपाशी शेकू नये, ओलीच्या भिंतीला टेकवू नये. सूर लावताना एकाच बाजूला ठोकत बसू नये. एक घर झाले की समोरचे घर घ्यावे, म्हणजे ताण सारखा राहतो. आणि भोंग्याशी स्पर्धा करू नये. भोंग्यातून खोल आवाज जवळजवळ येतच नाही. वाजवणाऱ्याला वाटते आपणच कमी पडतो. तो जोराने थाप मारतो आणि पुडी फाटते.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधा आणि मुलांना टिचकी मारून आवाज ऐकवा. मग मधोमध कणकेची गोळी चिकटवून पुन्हा ऐकवा. रामन यांचा धडा मुलांना तिथेच कळेल. नंतर त्यांना देवळात घेऊन जा आणि गावचा मृदंग दाखवा.

मागच्या वर्षी मी गावी गेलो होतो. आबाजी आता नाहीत. मृदंग माळ्यावर होता, धुमा फाटलेला. चौकशी केली तर जो तो म्हणाला, “गावाचा हाये.” गावाचा, म्हणून कुणाचाच नाही! भजन भोंग्यावर चालू होते. म्हणणारे चौघे, ऐकणारे दोघे. मी मृदंग खाली काढला आणि अकोल्याला नेला. त्या कारागिराचा मुलगा आता दुकानात बसतो. पुडी चढली आहे. कणकेचे काम दोन मुलांना वाटून दिले आहे, आठवडा-आठवडा. गवसणी घालण्याआधी धुम्यावरून हात फिरवून पाहायचा, एवढेच मी त्यांना बजावले आहे.

आपल्या गावचा मृदंग कुठे आहे, हे आज झोपण्यापूर्वी एकदा पाहून यावे.