शहराच्या दप्तरात मातीची नोंद



दिवा स्थानकातून बाहेर पडणाऱ्या माणसाला आज उघड्या मातीवर पाय टेकायला बरंच चालावं लागतं. फलाट, पादचारी पूल, बाजार, चाळींमधले पेव्हर ब्लॉक, इमारतींच्या जोत्यापर्यंत पसरलेलं काँक्रीट. पण साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही नावं अजून टिकून आहेत. बाहेरगावाहून येऊन इथे राहिलेल्या अनेकांना हे ठाऊक नसतं की ही सगळी भातशेतीची गावं होती, आणि तीही साध्या शेतीची नव्हेत, खाराची.

खारातली शेती हे कोकणातल्या आगरी-कोळी शेतकऱ्याचं मोठं अभियांत्रिकी काम आहे. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध आणि बांधात उघाडी. भरती आली की उघाडी मिटायची, ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर पडायचं. जून-जुलैचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन खाली न्यायचा, त्यानंतर लावणी. पावसाळा सरला की मीठ पुन्हा पृष्ठभागाकडे चढायचं, म्हणून खारात वर्षाला एकच पीक. राता, मुनगा अशी खारं पाणी सोसणारी भाताची वाणं याच पट्ट्यानं पिढ्यान् पिढ्या निवडून सांभाळली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे आणि ‘पनवेल’ याच नावाची क्षारसहनशील वाणं त्यानं दिली. खाडीतून अशी जमीन उठवणाऱ्यांना ठाणे-कुलाब्यात शिलोत्री हक्क मिळत. माणसानं श्रमानं माती घडवली म्हणून त्याला मिळालेला तो हक्क होता. महाराष्ट्रात १९७९ पासून खारभूमी विकासाचा स्वतंत्र कायदाही आहे. म्हणजे दिव्याच्या आसपासची माती कधीच बेवारस नव्हती. तिला धनी होता, राखणदार होता, बांध फुटला तर रात्रीबेरात्री धावणारं गाव होतं.

मग बांध सुटले. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी माणसं लोकलच्या मार्गानं इथवर आली. त्यांची गरज खरी होती आणि आजही आहे. त्यांना ज्या जमिनीवर घरं मिळाली ती मात्र घाईनं ‘तयार’ केलेली होती. खाराच्या मऊ चिकणमातीवर राबिट, डबर, मुरूम आणि सापडेल तो कचरा ओतायचा, वरून रोलर फिरवायचा, की भराव झाला. खालची माती तिथेच गुदमरते. तिच्यातली हवेची आणि पाण्याची पोकळी दाबली जाते, गांडुळं आणि सूक्ष्मजीव मरतात, पावसाचं पाणी आत मुरत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानं ठाणे-कल्याण पट्ट्यात काय केलं, हे इथल्या प्रत्येक घराला आठवतं. त्या दिवशी पाऊस विक्रमी होता हे खरंच. पण एरवीच्या पावसातही गल्ल्या तुंबतात, त्याला बुजवलेली खाजणं आणि दाबून टाकलेली माती हे मोठं कारण आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांच्या तोडीला आणि त्यांच्यातल्या भरावाला बंदी घालणारा आदेश दिला. तो आदेश झाडांइतकाच झाडांखालच्या चिखलाचाही आहे. त्या काळ्या, सडका वास येणाऱ्या गाळात शतकांचा कार्बन साठलेला असतो.

दिव्याच्या मातीवरचा सर्वांत जड भार मात्र ठाण्याच्या कचऱ्याचा. खाडीलगत साबे गावाजवळ वर्षानुवर्षं शहराचा कचरा येऊन पडत राहिला. उन्हाळ्यात धूर, पावसाळ्यात काळं, आंबूस पाणी. ओला कचरा हवेविना कुजतो तेव्हा त्यातून झिरपणारं पाणी रंगांतले, बॅटऱ्यांतले, जुन्या विद्युत उपकरणांतले जड धातू विरघळवत खाली नेतं. इथे तर खाली भूजल उथळ आणि शेजारी खाडी. स्थानिकांनी दीर्घकाळ विरोध केला आणि २०२३ च्या सुरुवातीला इथे नवा कचरा येणं थांबलं. गाड्या भंडार्लीकडे वळल्या. तिथल्या गावकऱ्यांच्या वाट्यालाही तोच वास आला. एका गावाची माती वाचवायला दुसऱ्या गावाची माती देणं, याला उपाय म्हणवत नाही.

उपाय काय असतो, याचं उदाहरण शेजारच्या कल्याणातच आहे. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला २०१८ च्या मार्चमध्ये लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत होती. त्याआधी, २०१५ मध्ये, घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या होत्या. ज्या शहराला आपला कचरा जिरवता येत नाही, त्याला आणखी मजले चढवण्याचा अधिकार नाही, इतकं सरळ ते सूत्र होतं. पुढे वेंगुर्ल्यात कचरा व्यवस्थापनाचा नमुना उभा करणारे रामदास कोकरे महापालिकेत उपायुक्त म्हणून आले. घराघरांत ओला-सुका वेगळा करण्याचा आग्रह धरला गेला, कचराकुंड्या हटवल्या गेल्या, आणि मे २०२१ मध्ये आधारवाडीत नवा कचरा टाकणं बंद झालं. वेंगुर्ल्यात तर जुना कचरा डेपोच लोकांनी हौसेनं बघायला यावा अशी जागा झाला. छोटं गाव आणि मोठं शहर यांची तुलना होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधारवाडीचं वर्ष लक्षात ठेवावं.

पण डेपो बंद होणं आणि माती बरी होणं यांत मोठं अंतर आहे. जुन्या डोंगरावर बायोमायनिंग करतात, म्हणजे कचरा उकरून त्याच्या लांब रांगा लावतात, जिवाणूंचं द्रावण फवारतात, तो वाळला की फिरत्या चाळणीतून काढतात. प्लास्टिक-कापडाचा जळाऊ भाग सिमेंट कारखान्यांना जातो, दगड-विटा भरावाला आणि सर्वांत बारीक भाग ‘माती’ म्हणून बाजूला पडतो. मुंबईनं मुलुंडला २०१८ पासून सुमारे ७० लाख टनांचं हे काम हाती घेतलं आणि त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. या बारीक भागाला माती म्हणण्याची घाई धोक्याची आहे. त्यात काचेचे कण, सूक्ष्म प्लास्टिक, शिसं, कॅडमियम असू शकतं. पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या कॅडमियम सहज शोषून घेतात. रुळांलगतच्या पट्ट्यांत नाल्याच्या पाण्यावर वाढणारी भाजी मध्य रेल्वेच्या प्रवाशाला नवी नाही. ती पिकवणाऱ्या गरीब माणसाला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या पायाखाली काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

इथेच या भाषणाचा मुख्य मुद्दा येतो. शहर जमिनीचं क्षेत्रफळ मोजतं, तिचा मालक नोंदवतं, तिच्यावर किती मजले चढतील याचा हिशेब ठेवतं. माती मात्र कोणत्याच दप्तरात नसते. १९७५ च्या राज्य कायद्यामुळे शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते. त्या झाडाची मुळं काँक्रीटनं आवळायला कुणाचीच परवानगी लागत नाही, आणि मग दर पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या झाडांची यादी छापून येते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. शेतकऱ्याला २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं असे १२ घटक असतात. शहरातल्या मैदानाला, शाळेच्या अंगणाला अशी पत्रिका नाही. असती तरी ती अपुरी पडली असती, कारण त्या १२ घटकांत शिसं नाही, पारा नाही, क्रोमियम नाही. शिसेमिश्रित पेट्रोल देशातून २००० साली गेलं, पण त्याचं शिसं रस्त्याकडेच्या मातीला अजून चिकटून असतं. २०२० मध्ये रसायनांनी गुलाबी झालेला रस्ता पाहिलेल्या डोंबिवलीला तर अशा तपासणीची निकड समजावून सांगायला नको.

काही नियम कागदावर चांगले आहेत. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी देताना वरची २० सेंटिमीटर माती आधी काढून जपून ठेवावी आणि नंतर लागवडीला वापरावी, अशी अट घातली जाते. अवघी काही सेंटिमीटर सुपीक माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात, हे ध्यानात घेतलं तर या अटीचं मोल कळतं. दिव्यात मात्र बहुतेक बांधकामं या मर्यादेच्या खालची, आणि कितीतरी परवानगीविनाच उठलेली. अट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आता म्हातार्डीला बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक येत आहे. त्याभोवती शहर वाढणारच. वाढीआधी वरची माती उचलून ठेवायची संधी एकदाच मिळते.

नवी माती घडवताही येते, याचा भरवसा महाराष्ट्रानंच दिला आहे. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळा आणि घरातला ओला कचरा यांवर गच्चीतही पीक घेता येतं हे लोकांकडूनच सिद्ध करून घेतलं. प्रीती पाटील यांनी त्याच वाटेनं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून बाग फुलवली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रातून वायूबरोबर खतही मिळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. त्या खताला जागा हवी म्हणून तरी आवारातले काही पेव्हर ब्लॉक उखडले पाहिजेत.

या संमेलनानं ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे नेमक्या मागण्या न्याव्यात. साबे आणि आधारवाडीच्या मोकळ्या होणाऱ्या जागेवर उद्यान, मैदान की इमारत, हे ठरवण्याआधी मातीची आणि भूजलाची जड धातूंसह तपासणी व्हावी आणि अहवाल मराठीत प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावा. प्रत्येक महापालिका शाळेच्या मैदानाची तशीच तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी. बांधकाम लहान असो वा मोठं, वरची माती उचलून पालिकेनं उभारायच्या मातीपेढीत जमा केल्याची पावती जोडल्याखेरीज जोत्याचा दाखला मिळू नये. आणि ती पेढी चालवण्याच्या समितीत आगासन-बेतवड्याच्या ज्या शेतकऱ्यांनी खारात भात पिकवला आहे, त्यांना मानधनासह जागा द्यावी. बांध कुठे होता, उघाडी कुठे होती, कुठली माती गोडी आणि कुठली खारी, हे आज फक्त त्यांनाच ठाऊक आहे, आणि त्यांतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत.