रस्त्यावरून ओळखा साल

मुंबईच्या फोर्ट भागातला एखादा जुना फोटो हाती येतो, पण मागे तारीख नसते. अशा वेळी सरळ रस्त्याकडे बघावं. ट्रामला घोडे जुंपलेले असतील, तर फोटो १८७४ किंवा त्यानंतरचा. वर विजेची तार धरून ट्राम धावत असेल, तर १९०७च्या आधीचा नक्कीच नाही. दुमजली ट्राम दिसली की १९२० साल उजाडलेलं. आणि ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तिथे हा हिशेब संपतो.

काळा घोडा मात्र चकवतो. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५मध्ये हलवला आणि पुढे राणीच्या बागेत नेला. २०१७पासून चौकात पुन्हा घोडा आहे. पण त्याच्या पाठीवर स्वार नाही!

त्याहून जुन्या, १८५०-६०च्या फोटोंत भर बाजारही ओस दिसतो. म्हणून वस्ती विरळ होती असं समजू नका. काचेवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. चालता माणूस तेवढ्यात निसटून जाई, फार तर धुरकट रेघ उरे. रवंथ करणारा बैल आणि पेंगणारा गाडीवान तेवढे ठसठशीत.

घरच्या अल्बममध्ये वरातीचे फोटो असतीलच. त्यात नवरदेव नंतर बघा. आधी मागच्या दुकानांच्या पाट्या वाचा आणि त्यांवरचा फोन नंबर किती आकडी आहे, तेही मोजा.