नादारीचा अर्ज आणि आपली वकिली



12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जखते जाळली. 1879 मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे त्याने बंद केले आणि शेतकऱ्याच्या नादारीची तरतूदही केली. कर्जात बुडालेल्याला कायद्याने मोकळे करण्याचा विचार या मातीत इतका जुना आहे. तरी जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज आज क्वचितच दिसतो.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. पण 1 डिसेंबर 2019 पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. रिक्षाचालक, शिक्षिका, किराणा दुकानदार यांच्यासाठी मुंबईत 1909 चा आणि जिल्ह्यांत 1920 चा नादारी कायदाच चालतो. 1920 च्या कायद्यानुसार देणे 500 रुपयांचे झाले की ऋणकोला अर्ज करता येतो. खरी कसोटी लागते ती ऋणमुक्तीचा हुकूम मागताना. बिगरतारण देण्याच्या रुपयामागे आठ आण्यांचीही मालमत्ता उरली नसेल, तर ती का उरली नाही हे पटवून द्यावे लागते. जुगार, उधळपट्टी, धंद्याचे हिशेब न ठेवणे, सगळे तपासले जाते. म्हणून या वकिलीत युक्तिवादाआधी कागद लागतात, आणि तेही वेळेवर.

अशील येतो तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. आत न फोडलेली नोटिसांची पाकिटे, दोन पासबुके, पतसंस्थेच्या पावत्या. बँकेचे कर्ज तो लगेच सांगतो. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, बायकोच्या नावावरचे सोनेतारण आणि मोबाइल ॲपवरून उचललेले पैसे मात्र लाजेपोटी गाळतो. जाणता वकील त्याला बोल लावत नाही. पाकिटे त्याच्यासमोर फोडतो, तारखेने लावतो. मग एका तक्त्यात प्रत्येक धनको, मूळ रक्कम, भरलेले हप्ते, तारण, जामीनदार आणि सही करून दिलेले कोरे धनादेश लिहून घेतो. एक धनको राहिला, तर सगळ्या अर्जाच्या खरेपणावर बोट ठेवले जाते.

उशीर किती महाग पडतो, हे पतसंस्थेच्या थकबाकीत दिसते. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणासाठी येणे रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. दाखल्यापूर्वीच्या सुनावणीत बाजू मांडायला ही अट नसते. पण तेव्हा अशील घरी बसलेला असतो, कारण त्याला कुणी सांगितलेले नसते.

त्याची भीतीही अनेकदा चुकीच्या माहितीतून येते. पगारजप्तीत पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. 25,000 पगारातून महिन्याला फार तर 8,000 जातात. पोटगीचा हुकूमनामा याला अपवाद. एकाच हुकूमनाम्यावर ही जप्ती एकूण 24 महिने चालली, की त्यापुरता पगार कायमचा सुटतो. निव्वळ ऐपत नाही म्हणून कैद करणे घटनेला मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात 1980 मध्येच सांगितले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करण्यास मनाई केली. हे ऐकून त्या रात्री त्या घराला झोप लागते.

फीचे काय? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून घ्यायचे किती? टप्प्याटप्प्याची ठरलेली रक्कम पहिल्याच दिवशी लेखी द्यावी. निकालावर फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. स्त्रियांना विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, हे सांगणे आपले कर्तव्य आहे, त्यात आपले काम गेले तरीही.

वकिलांच्या या अधिवेशनाने दोन ठराव करावेत. पहिला केंद्र सरकारकडे: संहितेतली नव्याने सुरुवात करण्याची प्रक्रिया लागू करा आणि तिच्या मर्यादा वाढवा. वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000 आणि पात्र कर्ज 35,000 रुपये, या आकड्यांत आजचा कोणता कर्जबाजारी बसतो? दुसरा आपल्यासाठी: प्रत्येक जिल्हा वकील संघाने विधी सेवा प्राधिकरणाबरोबर आठवड्यातून एक दुपार कर्जसल्ल्यासाठी ठेवावी. तिथे बसायला प्रत्येक जिल्ह्यातून दोन तरुण वकिलांची नावे आज संध्याकाळपर्यंत मिळावीत, ही विनंती.